विज्ञान शिक्षकांचे नेहमीचे प्रश्न: साहित्य, अनुदान आणि बदलत्या चाचण्या

विज्ञान शिकवणारे शिक्षक एकत्र आले की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. साहित्य कुठलं वापरायचं, पैसे कुठून आणायचे आणि परीक्षेत हे काय नवीन चाललंय. मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आहे आणि शिक्षकांच्या कार्यशाळाही घेतल्या आहेत, तिथे दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. जिथे माझं ठाम मत आहे तिथे ते मतच सांगितलं आहे.

फुकट साहित्याचा नुसता पूर आला आहे. सुरुवात कुठून करू?

एका घटकापासून करा, वेबसाइटच्या यादीपासून नको. टाचण, म्हणजे तासाच्या तयारीची नोंद, काढायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी एक वाक्य लिहा: या तासाला मुलं काय करून पाहणार आहेत? ते वाक्य लिहिता आलं तर साहित्य दहा मिनिटांत सापडतं. नाही आलं तर दोन तास शोधून फोल्डरमध्ये चाळीस फाइली जमतात आणि वर्गात शेवटी खडू-फळाच उरतो.

लंबकाचं उदाहरण घ्या. दोरी, एक दगड आणि सेकंद दाखवणारं घड्याळ एवढंच लागतं. टांगलेल्या टोकापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी ठेवा आणि पूर्ण दहा झोके (जाऊन परत येणं म्हणजे एक) मोजायला लावा. साधारण दहा सेकंद लागतात. आता लांबी १ मीटर करायची, म्हणजे चौपट. पण झोका सोडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, पेनने, खोडता येणार नाही असा. बहुतेक वह्यांत चाळीस सेकंद लिहिलेलं असतं. घड्याळ वीस दाखवतं. मग कोणी म्हणतं मोजताना चुकलं, कोणी म्हणतं दगड हलका आहे, मोठा बांधू. मोठा दगड बांधूनही वीसच येतात. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो, त्यासाठी हा तास असतो.

यानंतर प्रश्न येतो: चंद्रावर किती वेळ लागेल? तो दोरीने सोडवता येत नाही, सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या आभासी प्रयोगात येतो. साहित्य शोधायची खरी वेळ ही.

सिम्युलेशनसाठी नेमकं काय वापरायचं?

मी फेट (PhET) या मोफत सिम्युलेशन्सच्या संग्रहापासून सुरुवात करायला सांगतो. भौतिकशास्त्राचं २००१ चं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, थोडं जीवशास्त्र असं सगळं त्यात आहे आणि बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. वापरायला खातं उघडावं लागत नाही.

एकच पथ्य पाळा. पहिली पाच मिनिटं मुलांना काहीही न सांगता खेळू द्या. 'आता हे बटण दाबा, आता ते' अशी कवायत सुरू केली की सिम्युलेशन पुस्तकाच्या पानासारखं होतं. पाच मिनिटांनंतर एकच आव्हान द्या: दिवा जास्तीत जास्त प्रखर करून दाखवा, किंवा झोका बरोबर तीन सेकंदांचा करून दाखवा.

मग प्रत्यक्ष प्रयोगाची गरज उरते का?

उरते. माझ्या मते पडद्यापेक्षा जास्तच उरते.

मुलांच्या हातात एक सेल, आत तार असलेला टॉर्चचा जुन्या पद्धतीचा बल्ब आणि एकच वायर द्या. बल्ब पेटवून दाखवा म्हणा, बाकी काही सांगू नका. आधी वायर सेलच्या टोकाला आणि बल्बच्या बुडाला लावली जाते. पेटत नाही. मग बल्बच सेलवर उभा केला जातो आणि वायर नुसतीच लोंबकळत राहते. कोणी बल्ब हलवून कानाशी धरतं, आतली तार तुटली असेल म्हणून. सात-आठ मिनिटांनी कुठल्या तरी कोपऱ्यात तो पेटतो: बल्बचं बूड सेलच्या एका टोकावर टेकलेलं, आणि सेलच्या दुसऱ्या टोकाची वायर बल्बच्या आटे असलेल्या धातूच्या कडेला लागलेली. बल्बला दोन जागा आहेत, एक नाही, हे तेव्हा बोटांना कळतं. 'परिपथ पूर्ण असावा लागतो' हे वाक्य ज्या मुलांना तोंडपाठ असतं तीच इथे सगळ्यात जास्त अडतात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

पडद्यावरच्या परिपथात जोड कधी सैल होत नाही आणि सेल कधी गंजत नाही. म्हणून आधी हात आणि मग पडदा, हा क्रम मी सोडत नाही. पडद्याचा उपयोग वेगळा आहे. वायरमधून काय वाहतं ते हाताला दिसत नाही, सिम्युलेशनमध्ये दिसतं. बल्ब पेटवून झालेल्या मुलाला ते दाखवलं की तो डोळे मोठे करून बघतो.

शाळेत इंटरनेट धड चालत नाही.

फेटची आताची सिम्युलेशन्स घरून उतरवून पेनड्राइव्हने नेता येतात, ती साध्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. साठा मोठा हवा असेल तर लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेचं कोलिब्री हे नेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर पाहा. एका जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर ते बसवलं की वर्गातली बाकीची यंत्रं त्याला जोडून व्हिडिओ, सराव आणि पुस्तकं वापरू शकतात. हे बसवायला एकदा कोणी जाणकार माणूस बसवून घ्या, तेवढा वेळ वसूल होतो.

सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि तोही कपाटात. काय करावं?

पहिलं म्हणजे तो कपाटातून बाहेर काढा. बिघडेल या भीतीने कुलपात ठेवलेल्या उपकरणाला बुरशी लागते, आणि भिंगावरची बुरशी मुलांच्या हातांपेक्षा जास्त नुकसान करते.

दुसरं, फोल्डस्कोप. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक २०१४ मध्ये जगापुढे आला. कागदाचे भाग दुमडून जोडायचे, मध्ये एक छोटं गोल भिंग. साधारण १४० पट मोठं दिसतं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी, डासाचा पंख, साचलेल्या पाण्यातले जीव यांना एवढं पुरतं. सुरुवातीला स्पष्ट दिसत नाही म्हणून मुलं कंटाळतात, तेव्हा पहिला तास फक्त दुमडणं आणि फोकस करणं यालाच द्या.

एकाच भिंगाने काय होणार असं कोणी म्हणालं तर लेव्हेनहुकची गोष्ट सांगा. कापडाचा व्यापारी, सतराव्या शतकातला. १६७०च्या दशकात त्याने स्वतः घासलेल्या एका भिंगातून पाण्यातले सूक्ष्मजीव पाहिले आणि जगाला कळवले.

मोबाइल हे मोजमापाचं साधन होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि छान होऊ शकतं. फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे, जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं. फोनमध्ये आधीच बसवलेले सेन्सर ते प्रयोगासाठी खुले करतं: त्वरण, चुंबकीय क्षेत्र, आवाज, काही फोनमध्ये हवेचा दाबसुद्धा.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग ध्वनीचा वेग मोजण्याचा. दोन फोन मोकळ्या जागेत बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा. दोन्हींवर आवाजाने सुरू आणि आवाजाने बंद होणारं घड्याळ लावा. पहिल्या फोनशेजारच्या मुलीने टाळी वाजवली की तिचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा किंचित उशिरा. मग दुसऱ्या फोनशेजारचा मुलगा टाळी वाजवतो: त्याचा फोन लगेच थांबतो, पहिला किंचित उशिरा. म्हणजे दोन घड्याळांतला फरक हा आवाजाने जायला पाच आणि यायला पाच असे दहा मीटर कापायला घेतलेला वेळ. तो साधारण ०.०२९ सेकंद येतो. दहाला त्याने भागा, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास आकडा येतो. दोन टाळ्यांमध्ये किती वेळ गेला, याने काही बिघडत नाही आणि दोन फोनांची घड्याळं जुळवावी लागत नाहीत. ही युक्ती नववीच्या मुलांना समजावायची नाही, त्यांना कागदावर शोधू द्यायची. वारा असेल किंवा शेजारी खेळाचा तास असेल तर मात्र हा प्रयोग करू नका, घड्याळं भलत्याच आवाजाला थांबतात.

फुकट मिळतं म्हणजे हवं तसं छापून वाटता येतं का?

नाही. साहित्यावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे कर्त्याने काही अटींवर आधीच दिलेली वापराची परवानगी असेल तर त्यातली अक्षरं वाचा. 'बाय' म्हणजे मूळ कर्त्याचं नाव द्यायचं. 'एनसी' म्हणजे पैसे कमावण्यासाठी वापरायचं नाही. 'एसए' म्हणजे तुम्ही बदल केले तर तेही त्याच परवान्याखाली द्यायचे. आपल्यासाठी महत्त्वाचं अक्षर 'एनडी': त्यात बदल करून वाटायला मनाई असते आणि भाषांतर हाही बदलच धरला जातो. एखादी उत्तम कृतिपत्रिका मराठीत आणून इतर शाळांना पाठवायची असेल तर आधी हे बघा. 'एनडी' असेल तर सरळ कर्त्याला ईमेल लिहा. मी लिहिल्या आहेत, बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं.

मुलांना खऱ्या संशोधनात भाग घेता येतो का?

येतो. ग्लोब हा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे आणि शंभरावर देशांतल्या शाळांनी त्यात भाग घेतला आहे. ढग, तापमान, पाणी, माती यांच्या नोंदी ठरलेल्या पद्धतीने घ्यायच्या आणि एका जागतिक साठ्यात भरायच्या. झूनिव्हर्स या संकेतस्थळावर दीर्घिकांचे आकार ओळखण्यापासून जंगलातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंतले प्राणी मोजण्यापर्यंत कामं असतात. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर फोटो टाकून झाडं-कीटक ओळखता येतात, मात्र लहान मुलांची खाती तिथे उघडू नका. त्याच लोकांचं सीक हे अॅप नोंदणीशिवाय चालतं, ते मुलांना देता येतं. शाळेचं किंवा घराचं नेमकं ठिकाण फोटोसोबत जाणार नाही याची खबरदारी घ्या.

यातली खरी कमाई शिस्तीची आहे. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तसंच मोजायचं. तिसऱ्या आठवड्यात मुलं कंटाळतात. चौथ्या आठवड्यात आलेख वेगळं काहीतरी दाखवायला लागतो आणि कंटाळा पळतो.

एआयकडून प्रश्नपत्रिका आणि प्रयोग लिहून घेतले तर?

कच्चा मसुदा म्हणून घ्या. प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा आणि प्रयोग असेल तर स्वतः करून बघितल्याशिवाय वर्गात नेऊ नका. रसायनांच्या बाबतीत तर अजिबात विसंबू नका. मुलांच्या हाती ही साधनं देण्याबद्दल युनेस्कोने २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं वयाची मर्यादा सुचवली आहे.

व्हिडिओत दिसणारे रंगीत ज्वाळांचे प्रयोग करू का?

मिथेनॉल हे झटकन पेट घेणारं द्रव ओतून केले जाणारे करू नका. कधीच नाही. मिथेनॉलची वाफ टेबलावर पसरते, ज्वाळ विझली असं वाटून कोणी बाटलीतून आणखी ओततं आणि आग बाटलीत शिरते. अशा अपघातांत मुलं गंभीर भाजली आहेत, आणि अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने याबद्दल स्पष्ट इशारा दिलेला आहे. तोच रंग दुसऱ्या वाटेने मिळतो: लाकडी पट्ट्या क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवायच्या आणि एकेक पट्टी बर्नरच्या ज्वाळेत धरायची. सुरक्षा-चष्मा लावून, शिक्षकाने स्वतः, मुलं लांब.

अनुदान देतं कोण? आम्हाला तर कधी कोणी विचारत नाही.

विचारायला कोणी येत नाही हे खरं. शोधावं लागतं. ढोबळपणे चार दारं असतात: सरकारी योजना, वैज्ञानिक संस्था आणि त्यांच्या परिषदा, कंपन्यांचे सामाजिक निधी आणि माजी विद्यार्थी. वैज्ञानिक संस्थांचं दार शिक्षक सगळ्यात कमी ठोठावतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं विकासकार्यासाठीचं कार्यालय केपटाउनला आहे आणि ते जगभरातून प्रकल्प मागवतं. प्रकाशविज्ञानातली एसपीआयई ही संस्था प्रकाशाशी संबंधित शैक्षणिक उपक्रमांना मदत करत आली आहे. मात्र पुष्कळ अनुदानं त्या त्या देशातल्या शाळांपुरतीच असतात. लंडनच्या रॉयल सोसायटीचं शाळांसाठीचं भागीदारी अनुदान ब्रिटनमधल्या शाळांनाच मिळतं. तेव्हा पात्रतेची अट सगळ्यात आधी वाचा, अर्जाचा नमुना नंतर.

त्या रॉयल सोसायटीच्या योजनेतली एक गोष्ट मात्र कुठेही उचलावी अशी आहे: शाळेने एखादा शास्त्रज्ञ किंवा अभियंता सोबत घ्यायचा आणि मुलांनी स्वतः एखादा प्रश्न तपासायचा. जवळच्या महाविद्यालयातली एखादी प्राध्यापिका तुमच्या प्रस्तावावर नाव द्यायला तयार झाली तर प्रस्तावाचं वजन खूप वाढतं. विचारायला संकोच वाटतो, पण नकार क्वचितच मिळतो.

प्रस्ताव नाकारला जातो तो कशामुळे?

माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला तो यादीमुळे. सूक्ष्मदर्शक दहा, बीकर पन्नास, प्रोजेक्टर एक, अशी दोन पानं. वर 'विज्ञानाची गोडी लागावी म्हणून' असं एक वाक्य. त्या साहित्याचं मुलं काय करणार, हे त्या दोन पानांत कुठेच नव्हतं. ते मला तेव्हा सुचलंच नव्हतं, कारण साहित्य आलं की शिकवणं आपोआप होतं असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या खेपेला सुरुवातच बदलली. 'सातवीची ४० मुलं शाळेजवळच्या तीन ठिकाणच्या पाण्याचा गढूळपणा आणि तापमान दर आठवड्याला, सोळा आठवडे मोजतील. पावसानंतर गढूळपणा किती दिवसांनी उतरतो, हा त्यांचा प्रश्न आहे.' त्याखाली साहित्य, आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कुठल्या आठवड्यात कशासाठी लागेल. यादी आधीपेक्षा निम्मी झाली. कारण प्रश्न ठरला की काय लागत नाही हेही कळतं. तो प्रस्ताव मंजूर झाला.

वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. त्याच्यापुढे गठ्ठा असतो. प्रत्येकात 'गोडी' असते, 'सर्वांगीण विकास' असतो. सोळा आठवडे आणि तीन ठिकाणं फार थोड्यांत असतात.

अंदाजपत्रकात काय विसरलं जातं?

सेल. खरंच, सेल आणि बॅटऱ्या. शिवाय संपणारं साहित्य, म्हणजे लिटमस, फिल्टर पेपर, द्रावणं. वाहतूक. दुरुस्ती. शिक्षकांना शिकवण्याचा एक दिवस. आणि सॉफ्टवेअरचं दुसऱ्या वर्षाचं शुल्क.

या शेवटच्या गोष्टीचा चटका मी सोसला आहे. एका शाळेत आम्ही अनुदानातून मोजमापाचे डिजिटल सेन्सर घेतले होते. पहिलं वर्ष सुंदर गेलं. दुसऱ्या वर्षी संगणक उघडला तर सॉफ्टवेअर परवान्याचं नूतनीकरण मागत होतं. त्यासाठी निधी नव्हता आणि त्या सेन्सरची पिन दुसऱ्या कशालाच बसत नव्हती. पुरवठादाराने खरेदीच्या वेळी हे सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. आता मी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारतो: पाच वर्षांत काय काय पुन्हा विकत घ्यावं लागेल, हे दुसऱ्या कुठल्या उपकरणाशी जुळतं का, आणि बिघडलं तर कोण, किती दिवसांत दुरुस्त करेल.

पैसे आल्यावर काय काळजी घ्यायची?

पावत्या मूळ प्रतीत ठेवा, फोटोही काढून ठेवा, कारण थर्मल कागदावरची शाई उडते. टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत) त्याच आठवड्यात चढवा. अहवालासाठी मुलांच्या वह्यांची पानं जपा. उद्घाटनाच्या फोटोपेक्षा खाडाखोड केलेला तक्ता जास्त बोलतो.

पिसा आणि टिम्स या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत फरक काय?

पिसा ही ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची वाचन, गणित आणि विज्ञानाची चाचणी, २००० पासून. १५ वर्षांची मुलं, सातवी किंवा त्यापुढच्या कुठल्याही इयत्तेतली. शिकलेलं जगण्यात वापरता येतं का, हे ती बघते. टिम्स ही आयईए या आंतरराष्ट्रीय शैक्षणिक संशोधन संस्थेची, गणित आणि विज्ञानाची, १९९५ पासून दर चार वर्षांनी. चौथी आणि आठवीची मुलं, आणि शाळेत शिकवलेल्या अभ्यासक्रमाच्या जवळची. दोन्हींत एका मुलाला किंवा एका शाळेला क्रमांक मिळत नाही, देशांची किंवा प्रदेशांची चित्रं मिळतात. 'आमच्या शाळेचा पिसा स्कोअर' असं कोणी सांगत असेल तर त्यांनी नेमकी कुठली चाचणी दिली, ते विचारा.

अलीकडे त्यांत काय बदललं?

टिम्सची २०२३ ची फेरी बहुतेक देशांत संगणकावर झाली आणि तिचे निकाल डिसेंबर २०२४ मध्ये आले. पिसा पूर्वी दर तीन वर्षांनी होई. २०२१ ची फेरी महामारीमुळे २०२२ मध्ये गेली, मग २०२५, आणि इथून पुढे अंतर चार वर्षांचं, म्हणजे पुढची २०२९ मध्ये.

आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की २००६ आणि २०१५ नंतर २०२५ मध्ये पिसाचा मुख्य विषय विज्ञान होता आणि त्यासाठी आराखडा नव्याने लिहिला गेला. त्यात तीन क्षमता आहेत. घटनेचं वैज्ञानिक स्पष्टीकरण देणं ही पहिली. तपासणीची रचना करणं आणि माहिती-पुराव्याचा चिकित्सक अर्थ लावणं ही दुसरी. तिसरी आपल्याला नवी आहे: वैज्ञानिक माहिती शोधणं, पारखणं आणि निर्णय घेण्यासाठी वापरणं. फोनवर आलेला 'हे प्या आणि बरे व्हा' छापाचा संदेश मुलगी कसा तपासते, हा आता परीक्षेचा विषय झाला आहे. मला हे मनापासून पटतं.

आमची मुलं या चाचण्यांना बसतच नाहीत. मग आम्हाला त्याचं काय?

बसत नसली तरी प्रश्न तुमच्या कामाचे आहेत. पिसाचे काही नमुना प्रश्न सगळ्यांसाठी खुले आहेत, ते वाचा आणि त्या धाटणीचे प्रश्न स्वतः बनवा. मी बनवलेला एक:

एका ताटलीत पाणी घालून ती उन्हात ठेवली. तशाच दुसऱ्या ताटलीत तेवढंच पाणी घालून ती सावलीत, पंख्याखाली ठेवली. पंख्याखालचं आधी आटलं. 'वाऱ्यामुळे पाणी उन्हापेक्षा लवकर आटतं,' असं रवी म्हणतो. सीमा म्हणते, 'या प्रयोगातून वाऱ्याचा परिणाम किती आणि उन्हाचा किती हे वेगळं सांगता येणार नाही.' सीमाचं म्हणणं बरोबर आहे का? वाऱ्याचा एकट्याचा परिणाम बघायचा तर तुम्ही काय कराल?

बाष्पीभवनाची व्याख्या पाठ असून हा प्रश्न सुटत नाही. ज्या मुलाने एका वेळी एकच गोष्ट बदलून कधी काही करून पाहिलं आहे, त्याला तो सुटतो. लंबकाचा दगड बदलला तेव्हा दोरी तीच ठेवायची होती, ते त्याला आठवतं. नव्या धाटणीच्या परीक्षेची तयारी म्हणून गाईड विकत घेणाऱ्या पालकांना मी हाच प्रश्न घरी सोडवायला देतो.

मग रोजच्या तपासणीत काय बदलू?

वहीवर गुण देणं कमी करा, शेरा वाढवा. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांना तसा फायदा दिसला नाही, कारण गुण दिसले की नजर शेऱ्यावर जातच नाही. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या शिक्षण-संशोधकांनी १९९८ मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि शिकता शिकता होणारं मूल्यमापन मुलांना खरोखर पुढे नेतं, असं दाखवलं.

शेरा म्हणजे 'छान' नव्हे आणि 'अजून प्रयत्न कर' तर नव्हेच. 'तिसऱ्या वाचनात ३२ अंश आलं, बाकी सगळी २७च्या जवळ आहेत. का बरं?' हा शेरा. त्याला उत्तर लिहायला पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं द्यावी लागतात, नाहीतर तो वाया जातो. चाळीस वह्यांवर असं लिहिणं जमत नाही, हे मला ठाऊक आहे. रोज आठ वह्या घ्या. आठवड्यात वर्ग होतो.

बदलांची खबर वेळेवर कशी ठेवायची?

फॉरवर्ड होऊन आलेल्या संदेशावरून टाचण बदलू नका. मूळ परिपत्रक किंवा आराखडा उघडा, तारीख बघा, कुठल्या इयत्तेला आणि कुठल्या वर्षापासून लागू आहे ते बघा. महिन्यातून एक ठरलेला दिवस पुरतो.

वर्ष संपत आलं, सादिलमध्ये (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या निधीत) थोडे पैसे उरले आहेत. काय घेऊ?

मोठं काही नको. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. साधे डिजिटल तापमापक, गटागणिक एक. भिंगं, जितकी येतील तितकी, कारण ती हरवतात. पट्टीचुंबक घेताना सोबत त्यांच्या टोकांना जोडून ठेवायच्या लोखंडी पट्ट्याही घ्या, नाहीतर हळूहळू त्यांचं चुंबकत्व मंदावतं. मोजपट्टी, तीसुद्धा कापडी नको, ताणली जाते. टॉर्चचे जुन्या पद्धतीचे बल्ब दुकानात दिसले तर सगळे घेऊन टाका, एलईडी आल्यापासून ते मिळेनासे झालेत. आणि उरलेल्या पैशांचे सेल.